दिवाळीचे मावळे माळ्यावर टाकू नका

दिवाळी सरली की अंगणातला किल्ला मोडतो आणि मातीचे मावळे टोपलीत पडून माळ्यावर जातात. यंदा ते खालीच ठेवा. त्यांच्यावर सबंध घराला खेळता येईल असा एक खेळ आज सांगतो.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात हा खेळ नियमांसह मांडला. खेळण्यातले शिपाई आणि लाकडी गोळी उडवणारी स्प्रिंगची तोफ घेऊन ते घरातल्या जमिनीवर नि बागेतल्या हिरवळीवर लढाया खेळत. पुढे असे खेळ टेबलावर आले. त्यासाठी रंगवलेले महागडे चिमुकले सैनिक मिळतात. आपल्याला त्यांची गरज नाही.

नवे वाण आपण आधी दोन गुंठ्यांत लावून पाहतो. इथेही तसेच करा. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा पायदळ व पाच-पाच घोडेस्वार पुरेत. सगळी टोपली पालथी केलीत तर पहिला डाव संपण्याआधीच मुले कंटाळतील.

मोठ्या टेबलावर, नसल्यास ओसरीवर, विटांच्या तुकड्यांची घरे मांडा. मातीच्या गोळ्यात डहाळ्या खोचल्या की झाली झाडी. मधे चादर धरून दोघांनी आपापली फौज लावावी. चादर काढल्यावर मांडणी बदलायची नाही.

दोन फुटांची सुतळी घेऊन मध्यावर गाठ मारा. एका पाळीत पायदळाने गाठीपर्यंत, म्हणजे एक फूट जायचे. घोडेस्वाराने दोन फूट. हे माप वेल्स यांचेच. हातघाईत जितक्यास तितके बाद. सातजण पाचांना भिडले तर दोन्हीकडचे पाच-पाच जातात, दोघे उरतात. तोफेऐवजी चिंचोका टिचकीने उडवा. लागेल तो बाद. गोटी नको, मावळे फुटतात. पाळीला तीन मिनिटे ठरवा, नाहीतर मोठी माणसेच वेळ काढतात. दहा पाळ्यांनंतर मधल्या घरापाशी ज्याची माणसे जास्त, तो जिंकला.

गेल्या वर्षी नातवाशी खेळताना मी ईर्ष्येने पाचही घोडेस्वार चिंचोक्यांच्या तोंडी दिले. एकही उरला नाही. सगळे हसले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांचा मुलगा फौजेत आहे. त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, खरे असते तर हे पाच कुणाच्या घरचे असते?”

मला उत्तर सुचले नाही. वेल्स यांनाही हेच सांगायचे होते. हा लहान डाव दोन-चारदा खेळला की खरे युद्ध किती आंधळे नि महाग असते ते कळते, असे त्यांचे म्हणणे होते. पुस्तक निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, १९१४ साली, पहिले महायुद्ध पेटले.

तेव्हा मुलांना खेळू द्या, जिंकायलाही शिकवा. पण डाव संपला की पडलेले मावळे आधी मोजायला लावा, आणि मगच टोपलीत ठेवा.