परमच्या आधी जागा होणारा 'ओके'

पुण्याच्या सी-डॅकने १९९८ साली सादर केलेला 'परम १००००' हा महासंगणक सन कंपनीच्या 'एंटरप्राइझ २५०' सर्व्हरचा बनलेला होता. प्रत्येक सर्व्हरमध्ये ४०० मेगाहर्ट्झचे दोन अल्ट्रास्पार्क प्रोसेसर. असे १६० प्रोसेसर जोडले की १०० गिगाफ्लॉप्सचा वेग. शनिवार पेठेतून नदी ओलांडून गणेशखिंडीकडे गेले की विद्यापीठाच्या आवारात तेव्हा सी-डॅक लागे. तिथल्या यंत्रांच्या वेगावर भरपूर लिहिले गेले. युनिक्स सुरू होण्याआधी त्यांच्यात काय चालते, यावर फार थोडे.

१९९१च्या 'परम ८०००'मध्ये हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. त्यातला इन्मॉसचा ट्रान्सप्युटर रॉमशिवायही सुरू होऊ शके. शेजारच्या जोडणीतून पहिला बाइट आला की तोच पुढे येणाऱ्या प्रोग्रामची लांबी सांगे. तेवढे बाइट घेऊन चिप कामाला लागे. स्पार्कवर येताच मात्र आधी बोलणारा एक पक्ष मध्ये आला: फर्मवेअर.

सनच्या या फर्मवेअरचे नाव ओपनबूट. १९८९च्या स्पार्कस्टेशन १ बरोबर ते आले आणि १९९४ मध्ये आयईईई १२७५ या मानकात बसले. ते फोर्थ भाषेत चालते. पडद्यावर 'ओके' उमटला की यंत्राशी थेट बोलता येते: कोणत्या डिस्का जोडल्या आहेत ते विचारता येते, स्मृती तपासता येते, वाटल्यास तिथेच छोटा प्रोग्रामही लिहिता येतो. विस्तारकार्डांवर एफकोड नावाचा सांकेतिक फोर्थ असतो आणि कार्ड त्यातून स्वतःची ओळख फर्मवेअरला करून देते. प्रोसेसर कोणताही असो, हा एफकोड चालतो. या योजनेची दूरदृष्टी आजही थक्क करते. पुढे 'परम पद्म'साठी सी-डॅकने आयबीएमचे पॉवर ४ प्रोसेसर आणि त्याच कंपनीचे एआयएक्स हे युनिक्स घेतले, तेव्हाही खाली याच मानकाचे फर्मवेअर होते.

या सगळ्या रचनेचा जीव मात्र एका काळ्या चिपमध्ये असतो. स्पार्कस्टेशनमधली एम४८टी०२ ही चिप म्हणजे २ किलोबाइट स्मृती, घड्याळ आणि लिथियमचा सेल, तिन्ही एकाच प्लास्टिकच्या कवचात बंद. बूटची पसंती, इथरनेटचा पत्ता आणि होस्ट आयडी, म्हणजे यंत्राचा ओळखक्रमांक, हे सारे तिच्यात. सेल साधारण दहा वर्षांत संपतो. मग ओळखपत्र अवैध असल्याची तक्रार पडद्यावर येते आणि पत्त्याच्या जागी निव्वळ 'एफएफ' दिसू लागतात.

त्यावरचा उपाय 'ओके'वरच करता येतो. 'एमकेपी' या आज्ञेने एकेक बाइट पुन्हा लिहायचा: आधी किंमत, मग जागा, शेवटी आज्ञा; मराठी वाक्यासारखे क्रियापद अखेरीस. सनच्या त्या काळच्या यंत्रांचे पत्ते ०८:००:२० ने सुरू होतात, म्हणून ८, ०, २० हे बाइट २, ३, ४ या जागांवर जातात. शेवटच्या जागी आधीच्या पंधरा बाइटांचा एक्सॉर ठेवायचा. तो चुकला तर फर्मवेअर ओळख नाकारते. सेल संपलेलाच असेल, तर वीज गेली की हे सारे पुन्हा पुसले जाते.

ओळख परत आली तरी अशा जुन्या यंत्रावर लिनक्स किंवा नेटबीएसडी चढवताना जुने संकेत आडवे येतात. स्पार्कस्टेशनमध्ये सनने जोडलेल्या पहिल्या डिस्कचा स्कझी क्रमांक ० नसून ३ असतो. ओपनबूटच्या पहिल्या आवृत्त्या त्या ३ लाच डिस्क ० म्हणतात. सीडीचा ब्लॉक त्यांना ५१२ बाइटांचा हवा असतो, तर पीसीसाठीचे बहुतेक ड्राइव्ह २०४८ देतात. त्यामुळे ड्राइव्ह चांगला असूनही सीडीवरून बूट होत नाही. काही जुन्या आवृत्त्यांना डिस्कच्या पहिल्या १ किंवा २ गिगाबाइटपलीकडचे दिसत नाही. कर्नल तिथेच, सुरुवातीच्या छोट्या विभागात ठेवावा लागतो. एंटरप्राइझ २५० सारख्या पीसीआय यंत्रात पीसीचे ग्राफिक्स कार्ड बसते खरे, पण त्याच्या रॉममध्ये एफकोड नसून इंटेलसाठीचा बायोस कोड असतो. पडदा काळा राहतो आणि काम सीरियल पोर्टवर, ९६०० च्या वेगाने चालवावे लागते.

नेटवर्कवरून बूट करायचे ठरवले, तरी सर्व्हर आयपी पत्ता देतो तो इथरनेटचा पत्ता पाहूनच. नंतर त्या आयपीच्या षोडशमान रूपाच्या नावाची फाइल मागितली जाते. म्हणजे पुन्हा तीच चिप. मनाने ठरवलेला पत्ता आणि होस्ट आयडी लिहिला तर बूट होते, पण होस्ट आयडीशी बांधलेले परवान्याचे सॉफ्टवेअर चालत नाही. मूळ आकडे बहुधा चिपवरच्या कागदी पट्टीवर छापलेले असतात. संपलेल्या सेलच्या जागी, कवच कापून बाहेरचा नाणेसेल जोडण्याआधी ते टिपून घ्यायला हवेत.