रक्ताची शिल्लक



मी डॉक्टर नव्हे, कामगारांत वावरणारा माणूस आहे. तेव्हा गिरणीच्याच भाषेत सांगतो. गिरणी आठ दिवस बंद पडली तर कापडाचा तुटवडा होईल काय? ते गोदामात माल किती शिल्लक आहे यावर अवलंबून. रक्ताचेही तसेच. तांबड्या पेशी हाडांतील मज्जेत तयार होतात. निरोगी माणसाची पेशी सुमारे 120 दिवस टिकते. सिकलसेलच्या रोग्याची पेशी विळ्यासारखी वाकते आणि 10 ते 20 दिवसांतच मोडते. त्याचा कारखाना रात्रंदिवस चालावा, तेव्हा कुठे रोजची गरज भागते.

या कारखान्याला टाळे ठोकणारा एक विषाणू आहे: पार्वोव्हायरस बी-19. 1975 साली लंडनमध्ये इव्होन कोसार्ट या विदुषी रक्ताचे नमुने तपासत असता तो सापडला. खोकल्या-शिंकेतून तो पसरतो. निरोगी मुलाला थोडा ताप येतो, गाल लाल होतात, एवढेच. परंतु हा विषाणू मज्जेतील कोवळ्या पेशींवरच घाला घालतो आणि उत्पादन सात ते दहा दिवस थांबते. ज्याची शिल्लक मोठी, त्याला ते कळतही नाही. ज्याची शिल्लक पंधरवड्याची, त्याचे रक्त झपाट्याने उतरते. 1981 मध्ये लंडन व जमैका येथील डॉक्टरांनी हा संबंध दाखवून दिला.

खूण अशी: ताप, मागोमाग एकाएकी पांढरेफटक पडणे, धाप, कमालीचा थकवा. येथे लोहाच्या गोळ्या कामाच्या नाहीत; वेळीच रक्त दिले तर जीव वाचतो. मज्जा मग आपोआप कामाला लागते, आणि हा प्रसंग सहसा पुन्हा येत नाही. घरात सिकलसेलचे दुसरे भावंड असेल तर त्यालाही लगेच तपासावे. गरोदर स्त्रीने रोग्यापासून दूर राहावे. या विषाणूवर लस नाही. इन्फ्लुएंझा आणि 'ब' कावीळ यांवर आहे. ती रोग्याने जरूर घ्यावी, कारण साध्या फ्लूमागून येणारा न्यूमोनिया त्याला फार जड जातो.

आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आनुवंशिक रोग पुष्कळ आढळतो. तेथील रोजंदारीचा बाप मजुरी बुडेल म्हणून एक दिवस थांबतो, आणि तोच दिवस मुलाच्या जिवावर बेततो. त्याला त्या दिवसाची भरपगारी रजा मिळाली पाहिजे. ती मिळवणे आम्हा संघटनावाल्यांचे काम. पण दवाखान्यात पोचल्यावर रक्ताची बाटली तयार असणे हे तुम्हा-आम्हा सर्वांचे काम आहे. रक्तपेढीत वर्षातून एकदा तरी जाऊन या.