पेवातली हळद, प्लेटमधला गोळा

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद साठवायची हरिपूरची जमिनीखालची पेवे त्याच्या कितीतरी आधीपासून नावाजलेली. साताऱ्या-सांगलीत कुणाला कर्करोग निघाला की सल्ला येतोच: ‘हळद-मिरी सुरू करा, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय.’ प्रयोगशाळेत झाले काय, ते पाहू.

गैरसमज : गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्याच.
वस्तुस्थिती : २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी स्तनाच्या गाठीतल्या पेशी निवडून वेगळ्या केल्या. एका गटातल्या जेमतेम शंभर पेशींनी उंदरात नवी गाठ धरली. दुसऱ्या गटातल्या हजारोंना ते जमले नाही. लव्हाळा वरून खुरपला तरी मातीतल्या गाठीतून पुन्हा फुटतो, तशा पहिल्या गटातल्या या ‘मूळपेशी’.

गैरसमज : पेशी वाढवायला साधी बशी पुरते.
वस्तुस्थिती : बशीच्या तळाला पेशींचा एकच थर धरतो, ऑक्सिजन आणि औषध सगळ्यांना सारखेच मिळते. म्हणून न चिकटणाऱ्या प्लेटमध्ये, सीरम न घालता, मोजके वाढघटक देऊन पेशी तरंगत्या ठेवतात. बहुतेक मरतात, थोड्या गोळा बांधतात. गोळा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास गेला की गाभ्यापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. बाहेर वाढत्या पेशी, आत सुस्तावलेल्या, मध्यभागी मेलेल्या. खऱ्या गाठीतही असेच असते.

गैरसमज : गोळा झाला, म्हणजे त्यात सगळ्या मूळपेशीच.
वस्तुस्थिती : दाटीने ठेवल्या तर साध्या पेशीही एकमेकींना चिकटतात. म्हणून गोळा फोडून, सुट्या केलेल्या एकेका पेशीतून पुन्हा गोळा होतो का, हे तपासावे लागते. तोवर नाव सावधपणे घ्यायचे: ‘मूळपेशीसदृश’.

गैरसमज : हळदीतल्या करक्युमिनने गोळे रोखले, म्हणजे हळदीने कर्करोग बरा होतो.
वस्तुस्थिती : पहिला अर्धा भाग खरा. करक्युमिन आणि मिरीतले पिपेरीन स्तनाच्या पेशींचे गोळे होऊ देत नाहीत, असे २०१० मध्ये मिशिगनमधूनच प्रसिद्ध झाले. पण प्लेटमध्ये ते थेट पेशींवर पडते. हळदीत करक्युमिन सुमारे तीन टक्के, आणि पोटातून रक्तात उतरते त्याहून फारच थोडे. शिवाय पिपेरीनमुळे इतर औषधांचे रक्तातले प्रमाण बदलू शकते. हळद-मिरीच्या औषधी गोळ्या-कॅप्सूल घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

भाजीतली हळद खुशाल चालू ठेवा. प्लेटमधल्या गोळ्यांपासून औषधापर्यंतची वाट लांबची आहे. कर्करोगाला निमंत्रण देणारी, दातांना लावायची तंबाखूची मिश्री मात्र आजच सोडता येते.