दुसऱ्या खेपेच्या बायका

स्तनाचा कर्करोग पहिल्या खेपेस झाला म्हणजे बाईच्या घरी माणसांची रीघ लागते. माहेरची, सासरची, शेजारची, एरवी वर्षानुवर्षे न फिरकलेली माणसे सफरचंदे आणि अंगारे घेऊन येतात, कोणी काढ्याची तर कोणी उपासाची महती सांगते, आणि उपचार संपले की हीच माणसे ‘सुटलात एकदाच्या’ असे म्हणून मोठ्या समाधानाने आपापल्या उद्योगाला लागतात. काही वर्षांनी रोग पुन्हा उद्भवला म्हणजे मात्र त्यांची पंचाईत होते. धीराची वाक्ये सारी खर्च झालेली असतात. शिवाय जिचे नाव बरी झालेली बाई म्हणून चार घरी उदाहरणादाखल सांगितले, तिनेच आपल्याला तोंडघशी पाडले अशी एक अस्पष्ट नाराजीही त्यांच्या चौकशीत डोकावते. माझ्या डाव्या बाजूच्या व्याधीनंतर बऱ्याच वर्षांनी उजव्या बाजूस गाठ लागली तेव्हा ही नाराजी मी अनुभवली, आणि परळ-दादरच्या परिसरात अशाच बायकांची जी एक लहानशी बैठक भरते तिच्याकडे माझी पावले वळली. गेले ती रुग्ण म्हणून. परंतु लिहिणाऱ्याच्या सवयीने पाहत राहिले, आणि पाहता पाहता ध्यानात आले की येथे जे चालते ते एक रीतसर काम आहे, त्याला कसब लागते आणि ते शिकावे लागते.

दुसरी खेप एकाच जातीची नसते, ही या कामातली पहिली समजूत. कधी जुनाच रोग जुन्याच जागी, शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ किंवा छातीच्या भिंतीवर डोके वर काढतो. कधी दुसऱ्या स्तनात संपूर्ण नवा, जुन्याशी नाते नसलेला रोग सुरू होतो. आणि कधी तो हाडे, यकृत, फुप्फुस, मेंदू अशा दूरच्या ठिकाणी जाऊन बसलेला आढळतो, तेव्हा तो समूळ काढण्याची भाषा बाजूला ठेवून त्याला आवरून धरण्याची भाषा वैद्यांना करावी लागते. म्हणून गाठीचा तुकडा पुन्हा काढतात, कारण संप्रेरकांना प्रतिसाद देण्याचा पेशींचा गुण पहिल्या वेळी असेल तसाच दुसऱ्या वेळी असतो असे नाही, आणि औषधाची निवड त्यावरच अवलंबून असते. या तिन्ही स्थितींतल्या बायकांना लोक एकाच मापाने मोजतात. बैठकीत मात्र हाडांत रोग गेलेल्या बाईपुढे माझ्यासारखीला, जिची गाठ लहान असताना सापडली, बसवून ‘या बघा, याही दुसऱ्यांदाच्या’ असे कोणी म्हणत नाही. कोणाला कोणाशेजारी बसवावे याचा विचार इथल्या संचालिका, दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेल्या एक बाई, एका जाड वहीत नोंदी ठेवून करतात, आणि ते त्यांचे अर्धे काम आहे असे मला वाटते.

रोगी स्त्रीने रोगी स्त्रीकडे जावे ही कल्पना आज साधी वाटली तरी तिला एके काळी इस्पितळांचे दरवाजे बंद होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या हॉल्स्टेड या शल्यविशारदाने जी पद्धत रूढ केली तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकीत, आणि जखम भरली की बाई बरी झाली असा हिशेब असे. हात वर जात नाही, पदराखाली काय ठेवायचे कळत नाही, या तक्रारींना दप्तरात जागाच नव्हती. 1952 साली न्यूयॉर्कच्या टेरेसी लासर यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली. (यांचे यजमान आयकरावरच्या मार्गदर्शिकांचे अमेरिकेतले विख्यात लेखक, घरात सगळ्या गोष्टींचा खुलासा कागदावर मिळण्याची सवय असलेल्या या बाईंना आपल्याच शरीराविषयी कोणी चकार शब्द काढीना, याचा संताप आला असल्यास नवल नाही.) त्या बोलावण्याची वाट न पाहता इतर रुग्ण स्त्रियांच्या खाटांशी जाऊ लागल्या, बरोबर व्यायामासाठी एक रबरी चेंडू, एक दोरी आणि एक तात्पुरता कृत्रिम स्तन असे. काही डॉक्टरांना ही ढवळाढवळ रुचली नाही आणि काही ठिकाणी त्यांना मज्जाव झाला. पुढे 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हे कार्य आपल्या पंखाखाली घेतले, आणि ते घेताना वैद्यकीय बाबतीत तोंड उघडायचे नाही ही मर्यादा कायम ठेवली. ती मर्यादा आमच्या बैठकीतही कसोशीने पाळली जाते. फलाणे औषध घ्या किंवा घेऊ नका असे म्हणणाऱ्या बाईला संचालिका तिथल्या तिथे थांबवतात.

परळला 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेव्हापासून या वस्तीला कर्करोगाची एक स्वतंत्र भूगोलविद्या आहे. कोणत्या पदपथावर गावाकडची माणसे मुक्काम टाकतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळण्यासाठी कोणता कागद लागतो, लोकलच्या अपंगांसाठी राखीव डब्यात कर्करुग्णाला बसण्याची मुभा आहे, रेल्वेभाड्याच्या सवलतीचा दाखला कोठे शिक्का मारून घ्यायचा, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात एकत्र सापडत नाही. ते बायकांच्या जवळ आहे. 2012 साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी सरकारी योजना, तिची पूर्वमंजुरी, पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवरच्या नावातली एखादी वेलांटी चुकली तर होणारा खोळंबा, यांवर आमच्याकडची एक भाजीविक्रेती कारकुनालाही खाली पाहायला लावील अशा अधिकाराने बोलते. दुसऱ्या खेपेस हे ज्ञान अधिकच मोलाचे, कारण पहिल्या खेपेत गंगाजळी आटलेली असते आणि सोने बहुधा गहाण पडून गेलेले असते.

एकदा मिरजेकडची एक बाई इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. तिच्याशी झालेले बोलणे मी शेजारून ऐकले. कितव्यांदा, कितवी पायरी, असे संचालिकांनी काही विचारले नाही. मांडीवरच्या फायलीची जाडी त्यांनी पाहिली होती.

“जेवलात का ताई?”

“चहा घेतलाय.”

“रक्त द्यायचं राहिलंय का अजून? नाहीतर खाली पोळीभाजी मिळते.”

त्यानंतर बराच वेळ दोघी गप्प बसल्या. ही शांतता सोसता येणे ही शिकवणुकीतली सर्वांत अवघड गोष्ट, असे मला पुढे सांगण्यात आले. नवी कार्यकर्ती हमखास ती मोडून आपली कहाणी सांगू लागते, आणि समोरच्या बाईला स्वतःचे दुःख बाजूला ठेवून हिचे ऐकावे लागते. मिरजेच्या बाईने अखेर विचारले ते मरणाबद्दल नव्हते.

“ह्या हाताच्या काखेतल्या गाठी तेव्हाच काढल्यात. आता ह्याही काढणार म्हणतात. मग सुई कुठल्या हाताला टोचायची?”

हा प्रश्न कोणा नातेवाइकाला सुचला नसता. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूस सुई टोचू नये, रक्तदाबाचा पट्टा बांधू नये, हात सुजतो, हे पहिल्या वेळी मनावर इतके बिंबवलेले असते की दोन्ही बाजू गेल्यावर बाईला आपल्या देहात औषध शिरायला वाटच उरली नाही असे वाटू लागते. संचालिकांनी निर्णय सांगितला नाही. गळ्याखाली त्वचेच्या आत बसवायची एक डबी असते, तिला पोर्ट म्हणतात, कधी पायाची शीर घेतात, आणि हा प्रश्न अगदी याच शब्दांत डॉक्टरांना विचारायचा, एवढेच त्या म्हणाल्या. आणि तो प्रश्न फायलीच्या मागच्या कागदावर त्यांनी तिच्याकडूनच लिहवून घेतला. त्याखाली दुसरा: मागच्या वेळचे लाल औषध किती दिले होते? त्या औषधाचा हृदयावर परिणाम होत असल्याने आयुष्यभरात ते किती द्यायचे याला सीमा असते, जुना हिशेब हाती नसला तर नवा मांडता येत नाही, आणि पहिल्या वेळचे कागद दुसऱ्याच गावच्या इस्पितळातले असले तर ते हुडकून आणण्याचे काम आधी करावे लागते.

आता जे सांगायचे ते थोडे अप्रिय आहे. पहिल्या खेपेच्या बायकांच्या मंडळात आम्हांला मनापासून जागा नसते. त्या वाईट वागतात असे नव्हे. उठून खुर्ची देतात, हात हातात घेतात. परंतु ज्या भीतीला दाराबाहेर ठेवण्यासाठी त्या एकत्र जमतात ती भीतीच पर्स घेऊन आत आल्यासारखी आमच्याकडे पाहतात, आणि हळूहळू चौकशी सुरू होते: तुम्ही गोळ्या वेळेवर घेत होता ना? पथ्य मोडलं होतं का? काहीतरी चूक निघावी, म्हणजे ती आपण करणार नाही, असा त्या प्रश्नांचा अर्थ. मीही माझ्या पहिल्या खेपेत असेच विचारले असणार, म्हणून त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण आमची बैठक वेगळी असावी हा संचालिकांचा आग्रह मला पूर्णपणे रास्त वाटतो. येथे कोणी कोणाला शूर म्हणत नाही. दोन्ही स्तन गेलेली एक शिक्षिका, जिने पूर्वी एका बाजूच्या कापसाच्या कृत्रिम स्तनात वजनासाठी मोहरीची पुरचुंडी शिवली होती, ती म्हणाली, “आता तराजू सरळ झाला, मोहरी फोडणीला मोकळी,” आणि सगळ्या पोट धरून हसल्या. दुसऱ्या कोणत्याही खोलीत हे वाक्य उच्चारता आले नसते.

अशा बसण्याने आयुष्य वाढते काय, हा प्रश्न विद्वानांनी गंभीरपणे तपासला आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड स्पीगल यांनी दूरवर पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या 86 स्त्रियांचा अभ्यास करून 1989 साली असे प्रसिद्ध केले की, ज्या वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसून बोलल्या त्या सरासरीने दीड वर्ष अधिक जगल्या. जगभर मोठी खळबळ झाली. पुढे कॅनडात 235 स्त्रियांवर तोच प्रयोग झाला. 2001 साली त्याचा निकाल आला तो असा की आयुर्मान वाढले नाही, परंतु मन हलके झाले आणि वेदना कमी जाणवल्या. मला हा दुसरा निकाल अधिक दिलासा देतो. आयुष्य वाढवण्याची सक्ती एकदा काढून घेतली की बैठकीस न आल्याबद्दल कोणाला अपराधी वाटण्याचे कारण उरत नाही, आणि जी गेली ती पुरेशा उमेदीने बोलली नाही असे म्हणण्याची सोयही उरत नाही.

गेल्या बैठकीत कडाक्याचा वाद झाला तो मुलींवरून. रोग दोन्ही बाजूंस झाला, किंवा फार कमी वयात झाला, म्हणजे डॉक्टर बीआरसीए या जनुकांची तपासणी सुचवतात. आईत दोष निघाला तर प्रत्येक अपत्यात, मुलग्यातसुद्धा, तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. कल्याणहून येणाऱ्या एका बाईच्या मुलीचे लग्न ठरत होते. शिक्षिकेचे म्हणणे, मुलीला आजच सांगा, तिचा देह तिचा आहे. भाजीविक्रेतीचे म्हणणे, स्थळ मोडलं तर ती शिक्षिका दुसरं आणून देणार आहे काय? मी शिक्षिकेच्या बाजूने बोलले, जरा जोरातच, आणि नंतर लक्षात आले की मला मुलगी नाही.

कल्याणच्या बाई पदराशी चाळा करीत म्हणाल्या, “तिची तपासणी करायची म्हणजे तिला इथं आणावं लागणार ना? सासरच्यांच्या कानावर जाणार.”

“तिची नाही हो,” संचालिका म्हणाल्या, “आधी तुमची. ज्याला रोग झालाय त्याच्यापासून सुरुवात करतात. तुमच्यात काही निघालं तरच पुढचा विचार.”

ही एवढी गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. वाद तिथेच पडला. तपासणीला खर्च किती, तो योजनेत बसतो की कोणा विश्वस्तनिधीला अर्ज करावा लागेल, अर्जाला डॉक्टरांची चिठ्ठी कोणत्या वारी मिळते, यावर भाजीविक्रेतीने सूत्रे हाती घेतली आणि शिक्षिका मुकाट्याने अर्जाचा मजकूर लिहू लागली.