हाफ तिकीट: साडेतीन हजारांत पाचवा वाढदिवस

कोणी लोकलमध्ये लटकत ऐकत असेल, कोणी भांडी घासताना. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. माझे 'अं... म्हणजे' आणि मागे ओरडणारा भाजीवाला तेवढा गाळलाय.

आजचा विषय आहे लहान मुलाचा थीमवाला वाढदिवस, तोही कमी पैशांत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना अजून मुलं नाहीत, ठाऊक आहे मला. पण भाचे-पुतणे असतात ना? आणि "डेकोरेशन तू कर, तुला जमतं" हे घरातल्या तरुण माणसालाच ऐकावं लागतं. तेव्हा थांबा, उपयोगी पडेल.

आधी एक कबुली. मागच्या वर्षी लेकाच्या चौथ्या वाढदिवसाला आम्ही हॉल घेतला होता. फुग्यांची कमान, कार्टूनच्या वेषातला मोठ्ठ्या डोक्याचा माणूस, तीन मजली केक, सगळं. खर्च साडेएकवीस हजार. तो मोठ्या डोक्याचा माणूस जवळ आला आणि आमचं पोर जे घाबरलं, ते केक कापेपर्यंत माझ्या ओढणीत तोंड खुपसून रडत होतं. फोटो सुंदर आलेत, फक्त त्यात उत्सवमूर्तीचं तोंड दिसत नाही. फुगे दुसऱ्या दिवशी फुटले, क्रेडिट कार्डाचे हप्ते मात्र सहा महिने चालले.

यंदा ऑक्टोबरमध्ये ह्यांची नोकरी गेली आणि वाढदिवस जानेवारीत. सोसायटीच्या ग्रुपवर आमंत्रणं येत होती, कोणाची अंतराळ थीम, कोणाची समुद्राची. मला खरंच झोप लागत नव्हती. "यंदा आम्हाला जमणार नाही" हे चार शब्द मला टाइप करता येत नव्हते. शेवटी हे म्हणाले, "साडेतीन हजार. त्याच्यावर एक रुपया नाही. त्यात काय होतं ते बघ."

थीम कुठून आणायची?

मी आधी काय केलं? फोन काढला आणि फोटो बघत बसले. हीच चूक असते. फोटो बघून थीम ठरवली की ती विकत आणावी लागते. पोराकडे बघून ठरवली तर निम्मं सामान घरातच सापडतं.

मग त्यालाच विचारलं, "वाढदिवसाला काय हवं रे?" तो म्हणाला, "माझं तिकीट."

ह्याला मागे गोष्ट आहे. आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, एसटीत कंडक्टर होते. झोपताना नातवाला गोष्ट एसटीचीच. दिवाळीत साताऱ्याला जाताना कंडक्टरनं सगळ्यांना तिकिटं दिली आणि ह्याला नाही, म्हणून साहेब कात्रजपर्यंत रडले होते. कारण एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीटच लागत नाही. पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं लागतं. म्हणजे पाचवा वाढदिवस हा त्याच्या दृष्टीनं फार मोठा दिवस होता, आता तो प्रवासी होणार होता!

आणि गंमत बघा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे मी हाफ. पंचाहत्तरी पार केलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, म्हणजे आबा फुकट. लेक आता हाफ. घरात फुल तिकीट काढणारा एकच माणूस उरला, आणि नोकरी नेमकी त्याचीच गेलेली! हे स्वतः त्यावर हसले, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

थीम ठरली: एसटी.

थीम म्हणजे चित्र नाही, काम

सगळ्यात महत्त्वाचं सांगते. चार-पाच वर्षांच्या मुलाला भिंतीवर काय चिकटवलंय ह्याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला करायला काय मिळणार, हे त्याला हवं असतं. म्हणून थीम निवडताना एकच प्रश्न विचारा: ह्यात मुलं काय काय करतील? एसटीत ढीगभर उत्तरं मिळाली. तिकीट काढणं, घंटी मारणं, खिडकीसाठी भांडणं, घाटात कलंडणं. तुमच्या भाचीला भाजीवाली व्हायचं असेल तर तराजू आणि टोपल्या पुरतात. डॉक्टर, पोस्टमन, चहाची टपरी, काहीही चालतं. ती रोज काय खेळते, तेवढं दोन दिवस बघा.

तयारी

फ्रिजच्या दुकानातून दोन मोठी खोकी मागून आणली, फुकट. लाल रंग दिला, कार्डशीटची चाकं लावली. पुण्यात असाल तर कागद, पताका, पिशव्या ह्यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी आणि रंग-कार्डशीटसाठी अप्पा बळवंत चौक. मुंबईकरांनी क्रॉफर्ड मार्केट गाठावं. आधी यादी करा, मगच जा. यादीशिवाय गेलात तर बजेट तिथेच संपतं.

थर्माकोल आणायचा नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदा वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे, त्यांत सजावटीचा थर्माकोल, फुग्याच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकचे चमचे, ग्लास आणि स्ट्रॉ हे सगळं येतं. सोसायटीच्या गणपतीची स्टीलची ताटं-वाट्या कपाटात पडून असतात, ती मागा. आम्हाला लगेच मिळाली.

आमंत्रण फोनवरच केलं, तिकिटासारखं. पुणे ते सातारा, सुटण्याची वेळ ४.३०, पोहोचण्याची वेळ ६.३०. संपायची वेळ लिहाच. ह्या वयाला दोन तास भरपूर होतात, त्यापुढे रडारडच. वेळही अशी निवडा की दुपारची झोप झालेली असेल.

प्रत्यक्ष प्रवास

सकाळी घरी औक्षण झालं. संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्यांच्या दोन रांगा मांडल्या, पुढे खोक्यांची एसटी. आबा खाकी शर्ट घालून दारात उभे. निवृत्त होताना त्यांनी पेटी आणि पंच डेपोत जमा केलेला, म्हणून हातात माझा ऑफिसचा पंच. प्रत्येक पोराला रंगीत कागदाचं तिकीट, त्याला भोक पाडून.

पहिला खेळ घंटीचा. एसटीत दोनदा घंटी वाजली की गाडी सुटते, एकदा वाजली की थांबते. बस, हाच नियम. दोन घंट्या, सगळे पळा. एक घंटी, जिथे असाल तिथे पुतळा. ऐंशी रुपयांची घंटी आणि वीस मिनिटं खेळ.

मग प्रवास. वळणावर सगळे डावीकडे, मग सगळे उजवीकडे. गतिरोधक आला की उडी. पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकीला घाट आहे आणि बोगदाही. बोगद्यासाठी दोन आयांनी माझी जुनी साडी डोक्यावरून धरली आणि पोरं किंचाळत खालून गेली. तीन वेळा 'परत, परत' झालं.

मध्ये स्टँड लागलं. एसटी थांबली की टोपली घेऊन विक्रेते चढतात, तसे आमचे हे टोपली घेऊन फिरले. तिकीट दाखवा, खाऊ घ्या. इथे एक गोष्ट मनावर घ्या. खऱ्या स्टँडवर शेंगदाणे आणि लिमलेटच्या गोळ्या असतात, पण पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, कडक गोळ्या, पॉपकॉर्न देऊ नका. घशात अडकू शकतं. फुटलेल्या फुग्याचे तुकडेही लगेच उचला, तेही तितकेच धोक्याचे. कोणाला कशाची ॲलर्जी आहे का, हे आमंत्रणासोबतच विचारा. आम्ही दाणे न घातलेली भेळ, राजगिऱ्याची वडी, केळी आणि लिंबू सरबत ठेवलं.

केकजवळ स्नो स्प्रे अजिबात नको. त्यातला वायू पेट घेतो आणि समोर मेणबत्ती असते. हायड्रोजनचे फुगेही त्याच कारणासाठी नकोत. तोंडानं फुगवलेले आठ फुगे पुरतात.

काय चुकलं?

सगळं गोड गोड झालं असं नाही. पहिल्या दहा मिनिटांत ड्रायव्हर कोण होणार ह्यावरून मारामारी. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आबांनी सोडवलं. त्यांनी प्रत्येकाच्या तिकिटाच्या मागे नंबर घातला आणि म्हणाले, "ड्युटी चार्ट लागलाय, नंबर आला की स्टेअरिंग." रांगेत उभी राहिली सगळी. एक मुलगी म्हणाली, मला ड्रायव्हर नाही, कंडक्टर व्हायचंय. आबांनी पंच तिच्या हातात दिला आणि स्वतः प्रवाशांत जाऊन बसले. आणि हो, केक कापायच्या आधीच एसटीचं पुढचं चाक निखळलं. "ब्रेकडाउन!" असं पोरंच ओरडली, आणि ढकलायला सगळी धावली. तो सगळ्यात भारी खेळ झाला.

हिशोब

बारा मुलं, आमच्यासकट. आणि त्यांच्यासोबतची मोठी माणसं.

रंग, कार्डशीट, पताका, गोंद: ५२० रुपये.
तिकिटांचा रंगीत कागद आणि झेरॉक्स: ६०.
एक किलोचा साधा केक, कोपऱ्यावरच्या बेकरीतून: ६००.
खाणं, सरबत, मोठ्यांचा चहा: १,१००.
रिटर्न गिफ्ट, जुन्या लाल चादरीतून शिवून घेतलेली कंडक्टरची पिशवी आणि खडूंची पेटी, प्रत्येकी ४५: ५४०.
घंटी: ८०.
किरकोळ: १५०.

एकूण ३,०५०. साडेचारशे उरले.

जाताना एका मैत्रिणीनं विचारलं, "डेकोरेटर कोण होता?" मी म्हटलं, "कोणी नाही गं, यंदा पैसे नव्हते." निघून गेलं तोंडातून. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "आमचेही मागच्या वर्षीचे हप्ते चालूच आहेत." आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून बराच वेळ बोललो. ते चार शब्द इतके जड नव्हते, मीच उगाच तीन महिने उचलून फिरत होते.

उरलेल्या साडेचारशेचं काय केलं? पुढच्या रविवारी स्वारगेटहून साताऱ्याची एसटी धरली. आता तिकीट मशीनमधून येतं, पांढरा चिटोरा. ह्यांनी सांगितलं, "एक फुल, दोन हाफ, एक ज्येष्ठ." लेकानं त्याचं तिकीट दोन्ही हातांत धरलं, खिडकीशी बसला आणि आबांना म्हणाला, "तुम्ही फुकट आहात, मी नाही."

तर मंडळी, तुमच्याकडे असा कमी पैशांतला वाढदिवस झाला असेल तर आवाजी संदेश पाठवा, चांगले असतील ते पुढच्या भागात ऐकवते. तोवर टिंग टिंग. भेटू!