रंकाळ्याची एक फेरी आणि घरची भाकरी

पैगंबर मुहम्मद (स.) एकदा प्रवासात होते. सोबतच्या लोकांना पुढे जायला सांगून त्यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली. हजरत आयेशा तेव्हा हलक्या अंगाच्या होत्या, त्या जिंकल्या. काही काळ गेला, त्या अंगाने भरल्या आणि पुन्हा शर्यत झाली. या वेळी पैगंबर (स.) पुढे गेले आणि मागची फिटंफाट झाली, असे हसून म्हणाले. हदीसच्या ग्रंथांत हा प्रसंग आहे. त्यात वजनाचा उल्लेख आहे, पण टोमणा नाही. आपल्याकडे मात्र बाई जाड झाली तर बोलतात आणि ती बूट घालून पळायला निघाली तरीही बोलतात!

कोल्हापूर हे तालमीचे गाव. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान उभे केले आणि पेठापेठांतल्या तालमींत हिंदू-मुसलमान पोरांनी एकाच लाल मातीत घाम गाळला. बाबूजमाल तालमीचे नाव आजही दोन्ही समाजांत प्रेमाने घेतले जाते. पण गेल्या दोन पिढ्यांत एक गंमत झाली. पैलवानाचा खुराक घराघरांत राहिला, जोर-बैठका तेवढ्या गेल्या. गंगावेशीत म्हशीचे धारोष्ण दूध प्यायचे, रविवारी तांबडा-पांढरा ओरपायचा, आठवड्यात एखादा वलीमा असतोच; आणि दुकानापर्यंत जायचे ते दुचाकीवरून.

याची किंमत साखरेच्या आजारात मोजावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपल्या लोकांची चरबी पोटावर साठते, म्हणून फक्त वजनकाट्यावर जाऊ नये, शिंप्याची टेपही वापरावी. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या वर गेली, तर ती धोक्याची खूण समजतात.

मग माणूस घाबरतो आणि घाई करतो. पंधरा दिवसांत आठ किलो कमी करून देणारी पावडर, नुसता काकडीचा रस, एकदम बंद केलेला भात. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतातही, आणि इथेच फसगत होते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो. त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे तोडले की आधी हा साठा आणि त्याचे पाणी जाते. काटा खाली येतो, चरबी जवळपास तिथेच राहते. पुढे उपासमार चालू ठेवली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. स्नायू कमी झाले की बसल्या जागी लागणारी ऊर्जा कमी होते. मग पूर्वीसारखे जेवायला लागले की वजन परत येते, बहुधा चार किलो व्याजासकट. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो, ही शरीराला सोसणारी चाल आहे.

धावण्याचा हिशोबही कोरडाच आहे. माणूस धावतो तेव्हा दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे, ढोबळमानाने एक कॅलरी खर्च होते. म्हणजे 80 किलोच्या माणसाने पाच किलोमीटर धावून साधारण 400 कॅलरी खर्च केल्या. एक भरलेले ताट बिर्याणी ते सगळे परत आणते. तेव्हा ‘मी धावतो, मला काहीही चालते’ असे म्हणणाऱ्याचे पोट कधी उतरत नाही. वजन उतरते ते ताटामुळे. धावण्यामुळे ते उतरलेले टिकते, साखर स्नायूंत ओढली जाते, झोप लागते, हृदय बळकट होते.

अमेरिकेत 1994 पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते, ज्यांनी किमान 13 किलोंच्या वर वजन उतरवून ते निदान वर्षभर टिकवले. त्यांतले बहुसंख्य लोक रोज सुमारे तासभर शरीर हलवतात, आणि त्यांचा सर्वांत आवडता व्यायाम आहे चालणे. बरेच जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. जादूचा पदार्थ कुणाकडेच सापडला नाही.

महाराष्ट्राला हे दीक्षित सरांनी आपल्या भाषेत सांगितले. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी साधा नियम दिला: दिवसात दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा, आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर यांचे म्हणणे वेगळे. त्या थोड्या थोड्या वेळाने, पण घरचे आणि गावचे खायला सांगतात. दोन्ही बाजूंनी मोठा वाद झाला. माझ्या मते दोघांत जे समान आहे तेच आपल्या कामाचे: सतत चरणे बंद, पाकिटातले बंद. आणि साडेचार किलोमीटर म्हणजे जवळपास रंकाळ्याची एक फेरी. त्यासाठी जिमची फी लागत नाही.

खाण्यासाठी परदेशी बिया मागवायचे कारण नाही. ज्वारीची भाकरी, राधानगरी-गगनबावड्याकडची नाचणी, मटकीची उसळ, अंबाडीची भाजी, ताक, अंडी, मासे. नाचणीत तांदळाच्या कितीतरी पट कॅल्शियम असते. मटण सोडायला कुणी सांगत नाही. रस्सा दोन वाट्यांऐवजी एक घ्या, त्यावरचा तेलाचा तवंग बाजूला करा, तुकडे खा. एक गोष्ट कोल्हापूरकरांना आवडणार नाही: आपला गूळ कितीही नामांकित असला तरी कॅलरीच्या बाबतीत तो साखरेचा सख्खा भाऊ आहे. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण दावतीत सगळ्यात आधी विसरतो.

धावायची सुरुवात कशी करावी? चालून. महिनाभर रोज चालल्यावर एक मिनिट धावा, दोन मिनिटे चाला. बोलता येईल इतक्याच वेगाने धावा. दम लागून शब्द तुटायला लागले तर वेग जास्त झाला. अंतर हळूहळू वाढवा. पैसे खर्च करायचेच तर बुटांवर करा. वजन फार असेल, गुडघा दुखत असेल, छातीत भरून येत असेल, तर आधी डॉक्टर. आपल्या शेजारच्या बेळगाव भागातला फडेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. त्या काळी कुठले घड्याळ आणि कुठली एनर्जी पावडर!

रमजानमध्ये वजन उतरायला हवे, पण कित्येकांचे वाढते. भजी, समोसे, सरबत, मग जेवण, मग सहरीला पराठे. इफ्तार खजूर, पाणी आणि फळांवर करून मगरिबनंतर भाकरी-भाजी-डाळ खाल्ली तर हाच महिना उपयोगी पडतो. चालणे इफ्तारच्या आधी थोडे किंवा तरावीहनंतर. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर रोजे आणि व्यायाम या दोन्हींचे वेळापत्रक रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना दाखवा. रोज्यात साखर एकदम खाली जाण्याचा धोका खरा असतो.

राहिला बायकांचा प्रश्न. पुरुष फजर पढून थेट रंकाळ्यावर जातो. घरातल्या बाईच्या फजरनंतर डबे, पाणी, शाळेची पोरे सुरू होतात. तिला वेळ नाही असे नाही, तिचा वेळ इतरांनी वाटून घेतलेला असतो. सैल सलवार-कमीज, नीट बांधलेला स्कार्फ आणि बूट एवढ्यावर धावता येते. नणंद-भावजय, दोन शेजारणी, माय-लेकी अशी जोडी झाली तर रस्त्याची भीतीही कमी होते आणि टोमणे मारणाऱ्यांचा आवाजही. त्या पाऊण तासात चहा कोण करणार, एवढेच घरात आधी ठरवून घ्यावे.