भोपळ्याचा चीक

परसातल्या वेलावरचा लाल भोपळा उतरवून त्याच दिवशी विळीवर घेतला, की सालीच्या लगेच आत पारदर्शक थेंबांची रांग उभी राहते. बघता बघता ते थेंब घट्ट होतात आणि फोडी करून होईपर्यंत बोटांवर पातळ पापुद्रा ताणून बसतो. कातडी आखडते, साबणानंही तो थर पटकन निघत नाही. बाजारातून आणलेल्या फाकेचा असा त्रास क्वचितच होतो, कारण तो भोपळा उतरवून बरेच दिवस झालेले असतात.

भोपळावर्गातल्या वेलांत मुख्य अन्नवाहिन्यांच्या बाहेर बारीक नळ्यांचं आणखी एक जाळं असतं. पाझरतो तो बहुतांशी या जाळ्यातला रस. त्यात पीपी-1 आणि पीपी-2 नावाची प्रथिनं असतात. हवेतला प्राणवायू लागला की ती एकमेकांत गुंततात आणि रस गोठतो. वेलाच्या दृष्टीनं ही जखमेवरची खपलीच, आणि तीच आपल्या हातावर धरते.

फणसाचा चीक मात्र वेगळा. तो रबराच्या जातीचा, पाण्याला दाद न देणारा, तेलानं सुटणारा. भोपळ्याचा रस ओला असेपर्यंत साध्या पाण्यानं जातो. वाळला की हट्टी होतो. तेव्हा कापतानाच शेजारी पाण्याचं भांडं आणि ओलं फडकं ठेवावं, दर दोन-चार फोडींनंतर हात आणि पातं पुसावं. आधी हाताला खोबरेल चोळलं तर रस कातडीला थेट लागत नाही, पण सुरी निसटू नये म्हणून मूठ कोरडी हवी. ज्यांच्या हाताची सालं निघतात त्यांनी सरळ हातमोजे घालावेत. खाज, सूज किंवा पुरळ आलं तर घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं.

खरा उपाय मात्र कापण्याआधीचा आहे. देठ सुकून कडक झाला, सालीत नख रुतेना, की दोन-तीन इंच देठ ठेवून भोपळा उतरवावा आणि कोरड्या, हवेशीर जागी 10-12 दिवस राहू द्यावा. साल टणक होते, चीक कमी होतो, गोडी वाढते. घारग्यांना असाच मुरलेला भोपळा हवा. भरताला तर सोलायचीही गरज नाही: मोठ्या फोडी सालीसकट वाफवाव्यात, गर चमच्यानं निघतो.

चिकटपणाला घाबरू नये. तो शिजवल्यावर जाणवत नाही. घरच्या बियांवर वाढवलेल्या वेलाची कच्ची फोड मात्र जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर त्यात कुकुरबिटासिन हे विषारी द्रव्य आहे. याच वर्गातल्या दुधीच्या कडू रसानं माणसं गंभीर आजारी पडली आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं तो पिऊ नये असं बजावलेलं आहे. हा कडूपणा शिजवून जात नाही. असं फळ सरळ टाकून द्यावं आणि त्याचं बी पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवू नये.